देवळालीचे कापरेकर मास्तर

सुरतेहून मुंबईकडे निघालेली गाडी नवसारी, बिलिमोरा, वलसाड, वापी अशी एकेक स्थानके मागे टाकते, उंबरगाव ओलांडून महाराष्ट्राच्या हद्दीत शिरते, आणि थोड्याच वेळात घोलवड व त्यापाठोपाठ डहाणू रोड येते. सुट्टीत कोकणातल्या आमच्या गावी जाताना आम्ही दरवर्षी याच वाटेने जातो. डहाणू म्हणजे चिकूच्या वाड्या, एवढीच त्या गावाची ओळख आमच्या मनात कितीतरी वर्षे होती. त्याच डहाणूत दिनांक १७ जानेवारी १९०५ रोजी दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म झाला, आणि आज जगभरचे गणितप्रेमी एका संख्येला त्यांच्या नावाने ओळखतात, हे आम्हांस फार उशिरा कळले. कळले तेही एका फजितीमुळे. ती आधी सांगून टाकतो.

गेल्या वर्षी गणिताचे शिक्षक रजेवर असताना नववीच्या वर्गाचा बदली तास आमच्या वाट्यास आला. आम्ही कलाशाखेचे पदवीधर; विषय मराठी. गणिताशी आमचा संबंध शाळा सुटली तेव्हाच सुटला होता. मुलांनी गोंगाट करू नये म्हणून कोठेतरी वाचलेला एक खेळ आम्ही फळ्यावर मांडला. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. ते अंक आधी उतरत्या क्रमाने लिहावे, मग चढत्या क्रमाने, आणि मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी. जे उत्तर येईल त्याच्यावर पुन्हा हीच क्रिया करावी. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ ही संख्या आलीच पाहिजे, आणि एकदा ती आली की पुढे ती हलत नाही; कारण ७६४१ − १४६७ = ६१७४.

वर्ग वह्यांत बुडाला. पंधरा मिनिटांत बहुतेकांच्या वहीत ६१७४ अवतरले. ज्यांच्या वहीत ते आले नाही, त्यांची वजाबाकी कोठेतरी चुकली होती, आणि ती चूक त्यांनी आमच्या मदतीवाचून शोधून काढली. परंतु मागच्या बाकावरील एक मुलगा उठून उभा राहिला. त्याने १११२ ही संख्या घेतली होती. २१११ मधून १११२ वजा करून त्याला ९९९ मिळाले. ९९९ मधून ९९९ वजा केले तर शून्य. खेळ खोटा ठरला! वर्गात हशा पिकला, आणि आम्हांस उत्तर सुचले नाही. त्या रात्री घरी कागदावर आकडे मांडीत बसलो, तेव्हा उलगडा झाला. आलेली संख्या चार अंकीच समजली पाहिजे. म्हणजे ९९९ नव्हे, ०९९९. मग ९९९० − ०९९९ = ८९९१, पुढे ८०८२, पुढे ८५३२ आणि पाचव्या वजाबाकीस ६१७४. सारी चूक एका शून्याची होती. दुसऱ्या दिवशी त्या मुलाला बोलावून आम्ही ते दाखविले, आणि त्यानंतरच हा खेळ ज्यांनी शोधला त्या गृहस्थांची माहिती मिळवू लागलो. तेव्हा लक्षात आले की तेही आमच्यासारखेच शाळामास्तर होते.

कापरेकर आठ वर्षांचे असताना त्यांची आई वारली. पुढे वडिलांनीच त्यांना वाढविले. वडील कारकुनी करीत, आणि त्यांना ज्योतिषाचा मोठा नाद होता. ज्योतिषाविषयी कोणाचे काय मत असावे हा प्रश्न निराळा. पण कुंडली मांडावयाची तर आकडेमोड करावी लागते, आणि त्या घरातल्या मुलाने ग्रहांचे फळ सोडून आकडे तेवढे उचलले. ठाण्यास माध्यमिक शिक्षण झाले. तेथे असतानाही हा विद्यार्थी तासन् तास गणिती कोडी सोडवीत बसे. नंतर ते पुण्याच्या फर्गसन महाविद्यालयात गेले. तेथे १९२७ साली स्वतंत्र गणिती लेखनाबद्दलचे रँग्लर परांजपे पारितोषिक त्यांनी मिळविले. १९२९ साली पदवी हाती आली आणि त्याच वर्षी नाशिकजवळच्या देवळाली या छावणीच्या गावी त्यांना शिक्षकाची नोकरी लागली. पुढचे शिक्षण झाले नाही. विद्यापीठात जागा मिळाली नाही. १९६२ साली निवृत्त होईपर्यंत ते देवळालीच्या मुलांना गणित शिकवीत राहिले.

बाह्य जीवन म्हणाल तर एवढेच. तेहतीस वर्षे एक गाव, एक नोकरी. पण ज्या वाटेने त्यांचे मन हिंडत होते ती वाट फार लांबची होती.

त्यांच्या आवडत्या संख्यांपैकी एका जातीचे नाव डेमलो. मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर असलेल्या, आता डोंबिवली म्हणून आपण ओळखतो त्या स्थानकाच्या नावावरून ते घेतले. कारण या संख्यांची कल्पना त्यांस तेथे सुचली. गाडीची वाट पाहताना आपण घड्याळाकडे बघतो. यांना संख्या दिसल्या. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. असे चढत जाऊन नऊ एकांच्या संख्येचा वर्ग केला की १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ ही सतरा अंकी संख्या येते. एकापासून नवापर्यंत चढणारी आणि तशीच उतरणारी! तिच्या सर्व अंकांची बेरीज ८१ होते, म्हणजे पुन्हा नवाचा वर्ग. दहा एक घेतले तर मात्र हातचे येऊ लागतात आणि ही रांगोळी विसकटते. १९३९ साली प्रा. के. आर. गुंजीकर यांच्यासमवेत कापरेकरांनी डेमलो संख्यांवर मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात लेख लिहिला.

६१७४ चा शोध १९४६ मधला. तो त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला आणि अमेरिकेतील 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या नियतकालिकात त्यावर लिहिले. स्वदेशात मात्र त्यांच्या वाट्यास कौतुकापेक्षा हसेच अधिक आले. पुष्कळशा गणितज्ञांस हे सारे पोरखेळ वाटत. मोठी नियतकालिके लेख घेत नसत, तेव्हा कापरेकर पदरचे पैसे घालून लहान लहान पुस्तिका छापीत, आणि त्यांवर प्रकाशकाच्या जागी स्वतःचे नाव व देवळालीतील खऱ्यांच्या वाड्याचा पत्ता देत. शिक्षकाच्या पगारात या पुस्तिका छापणे म्हणजे काय, हे आम्ही शिक्षक जाणतो.

हसणाऱ्यांची बाजूही नीट ऐकून घेतली पाहिजे. ते मूर्ख नव्हते. रामानुजनांची थोरवी ज्यांनी ओळखली त्या केंब्रिजच्या हार्डी यांनीच १९४० च्या आपल्या छोट्या पुस्तकात अशा अंकांच्या गमतींचा परामर्श घेतला आहे. ८७१२ ही संख्या उलट लिहिली की २१७८ होते, आणि २१७८ ची चौपट ८७१२. ९८०१ ही तशीच १०८९ ची नऊपट. कोड्यांच्या सदरास हे ठीक, पण खऱ्या गणितात याला जागा नाही, असा त्यांचा निवाडा होता. हार्डी यांनी हे कापरेकरांविषयी लिहिले नव्हते. तरी तो निवाडा त्यांच्यावरही लागू करता येतोच.

या आक्षेपाचे मूळ असे की अंक हे संख्येचे केवळ कपडे आहेत. आम्ही घरी कोंकणीत मोजतो, शाळेत मराठीत आणि चौटा बाजारात गुजरातीत. पंचेचाळीस वस्तू तिन्ही ठिकाणी पंचेचाळीसच राहतात. पण दहांच्या गठ्ठ्यांऐवजी आठांच्या गठ्ठ्यांनी मोजू लागलो तर तीच संख्या ५५ अशी लिहावी लागेल. कारण तिच्यात आठाचे पाच गठ्ठे आणि वर पाच आहेत. ४५ च्या अंकांची बेरीज ९, आणि नवाने पंचेचाळीसला भाग जातो. ५५ असे लिहिले की बेरीज १०, आणि दहाने भाग जात नाही. मग हा गुण संख्येचा की आपल्या हातांना दहा बोटे आहेत या योगायोगाचा? अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी हर्षद, म्हणजे आनंद देणाऱ्या, असे नाव ठेवले होते. आक्षेप घेणारा म्हणेल, हा आनंद उसना आहे.

आम्हांस हा आक्षेप बरेच दिवस बिनतोड वाटत होता. आमचे मत बदलले ते कापरेकरांच्याच एका जातीच्या संख्यांमुळे. आज त्यांनाच कापरेकर संख्या म्हणतात. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे केले, २० आणि २५, तर त्यांची बेरीज पुन्हा ४५. तसेच २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७. तसेच ७०३ चा वर्ग ४९४२०९, आणि ४९४ + २०९ = ७०३. गंमत खरी, पण येथे थांबू नका. २९७ आणि ७०३ मिळवून पाहा: बरोबर १०००. ४५ ला १०० पर्यंत पोचविणारी संख्या ५५; तिचा वर्ग ३०२५, आणि ३० + २५ = ५५. म्हणजे या संख्या जोडीने नांदतात. का बरे? तर ९९९ चे दोन अवयव पाडा, २७ आणि ३७. २९७ ला २७ ने भाग जातो आणि तिच्या अलीकडच्या २९६ ला ३७ ने. ७०३ चे उलटे: तिला ३७ ने भाग जातो आणि ७०२ ला २७ ने. ९९ = ९ × ११ घेऊन ४५ आणि ४४, तसेच ५५ आणि ५४ यांवर हेच करून पाहावे. ९९, ९९९, ९९९९ या संख्यांचे अवयव कसे पडतात, ही वस्तुस्थिती त्या कपड्यांच्या आत दडलेली होती. हे सारे नाते डग्लस इयानुची या गणितज्ञाने २००० साली एका लेखात पूर्णपणे मांडले. चार अंकांतली एक जोडी म्हणजे २२२३ आणि ७७७७. २२२३ चा वर्ग ४९४१७२९, व ७७७७ चा ६०४८१७२९. दोहोंच्या शेपटीस १७२९, रामानुजनांची ती प्रसिद्ध संख्या, उभी आहे. (तिच्या अंकांची बेरीज १९, आणि १९ × ९१ = १७२९; म्हणजे ती हर्षदही आहे.)

आता ज्या मोठ्या संख्येसाठी हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे येऊ.

कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १५ घेतले तर १५ + १ + ५ = २१. कापरेकर म्हणत, १५ ही २१ ची जनक. मग प्रश्न आला, प्रत्येक संख्येस जनक असतो काय? नसतो. २० ला जनक नाही. सर्व संख्या तपासा, एकही सापडणार नाही. ३१, ४२, ५३ यांनाही नाही. अशा संख्यांना त्यांनी जे नाव दिले त्याचा अर्थ आपण स्वयंभू या शब्दाने घेऊ. देवळालीच्या नावावरूनही त्या ओळखल्या जातात. जपमाळेच्या मण्यांची संख्या १०८ हीसुद्धा स्वयंभू आहे.

काही संख्यांना जनक नाही, तसे काहींना दोन आहेत. सर्वांत लहान उदाहरण १०१. ९१ + ९ + १ = १०१, आणि १०० + १ = १०१. कसे घडले? ९९ वरून १०० वर जाताना अंकांची बेरीज १८ वरून एकदम १ वर कोसळते. उंबरठ्याच्या अलीकडची संख्या लांब उडी मारते, पलीकडची आखूड पाऊल टाकते, आणि दोघी एकाच ठिकाणी येऊन भेटतात. मग तीन जनक असलेली संख्या असेल काय? ती हवी तर उंबरठा फार उंच पाहिजे, त्याच्या अलीकडे नवांची लांबलचक रांग पाहिजे. कापरेकर आणि प्रा. ए. नरसिंह राव यांच्यासारखे त्यांचे समानधर्मी या शोधात गुंतले होते. त्या शोधात हाती आलेली, तीन जनकांची सर्वांत लहान संख्या अशी:

१,००,००,००,००,००,००१

दहा लक्ष कोटी एक. लीलावतीच्या जुन्या परिभाषेत एक शंकू आणि वर एक. तिचा पहिला जनक १,००,००,००,००,००,०००. अंकांची बेरीज १, म्हणून लगेच पुढची संख्या मिळते. दुसरा जनक ९९,९९,९९,९९,९९,९०१; येथे अंकांची बेरीज बरोबर १००. तिसरा ९९,९९,९९,९९,९९,८९२, येथे बेरीज १०९. बेरजा करून पाहाव्या, तिघेही एकाच दाराशी येतात. हिच्याहून लहान अशी एकही संख्या नाही. हे मोजून पाहू म्हटले आणि दर सेकंदास एक संख्या तपासली तर तीन लक्ष वर्षांहून अधिक काळ लागेल. संगणक त्यांच्या हाताशी नव्हता. तेव्हा अशा संख्येबद्दल ठामपणे काही सांगावयाचे तर आकडे मोजीत बसण्याने भागत नाही. विचारानेच पुढची वाट कापावी लागते. पोरखेळ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घेतले नसावे असे आमचे नम्र मत आहे. चार जनकांची सर्वांत लहान संख्या पंचवीस अंकी आहे: एकावर चोवीस शून्ये, आणि त्यात १०२ मिळविलेले. तिचे जनक शोधण्याचे काम आम्ही दहावीच्या मुलांवर सोपवितो.

निवृत्तीनंतरचे दिवस सुखाचे गेले नाहीत. १९६६ साली पत्नी वारली. निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून साठी उलटल्यावर त्यांना गणिताच्या व विज्ञानाच्या खाजगी शिकवण्या कराव्या लागल्या. देवळालीसारख्या स्वस्ताईच्या गावीही ही वेळ आली. तरी संख्यांचा नाद सुटला नाही. स्वयंभू संख्यांवरील त्यांची एक पुस्तिका निवृत्तीनंतरची, १९६३ सालची आहे. स्नेही त्यांना गणितानंद म्हणत. आपल्या संख्यांविषयी बोलावयास त्यांना महाविद्यालयांतूनही बोलावणे येई.

मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकातील आपल्या गाजलेल्या सदरात कापरेकरांवर लिहिले, आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव एकाएकी जगभर गेले. कापरेकर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. त्यानंतर त्यांच्या संख्यांकडे विद्यापीठांतले लोक वळू लागले. हर्षद संख्यांचे एक उदाहरण देतो. १९७७ साली आयव्हन निव्हेन या गणितज्ञाच्या एका व्याख्यानानंतर परदेशात या संख्यांस निव्हेन संख्या हेही नाव पडले. कापरेकरांनी त्या फार आधीच हेरल्या होत्या. लागोपाठ किती हर्षद संख्या येऊ शकतात? १९९३ साली कूपर आणि केनेडी यांनी सिद्ध केले की फार तर वीस. एकवीस कधीच नाहीत. हा निकाल पाहावयास कापरेकर नव्हते. १९८६ साली त्यांचे निधन झाले होते.

आमच्या शाळेतील मुलांचे पालक कोणी यंत्रमागावर, कोणी हिऱ्यांच्या कारखान्यात, कोणी उधन्याच्या बाजारपेठेत काम करतात. गणिताच्या महागड्या शिकवण्या सर्वांना परवडत नाहीत. त्या बदली तासानंतर मागच्या बाकावरच्या त्याच मुलाने एक वही केली आहे. तिच्यात तो रोज नवी चार अंकी संख्या घेऊन ती किती पायऱ्यांत ६१७४ ला पोचते ते लिहितो. परवा त्याने कापरेकरांच्या जन्माचे आणि मृत्यूचे वर्ष घेतले आणि वही आमच्या टेबलावर आणून ठेवली.

१९०५ ची वाट अशी: ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. पूर्ण सात पायऱ्या. याहून लांब वाट असूच शकत नाही. १९८६ ची वाट पहिल्याच वजाबाकीस ८१७२ वर येऊन पहिल्या वाटेस मिळते, आणि पुढच्या साऱ्या पायऱ्या दोन्हींच्या त्याच आहेत. आम्ही तीनदा पडताळून पाहिले. वजाबाकी बरोबर होती. त्याच पानावर खाली त्याने आमच्या जन्मवर्षाचेही गणित केले आहे. ते किती पायऱ्यांत सुटले हे येथे छापण्याचे आम्ही टाळतो; वर्गाला ते आधीच ठाऊक झाले आहे.